शंभर मिली तेल किती ग्रॅम?

किराणा दुकानात शेंगदाणा तेलाचे दोन डबे शेजारी शेजारी असतात. एकावर १५ किलो लिहिलेलं, दुसऱ्यावर १५ लिटर. दिसायला जवळपास सारखेच. भावात फरक असतो, आणि घाईतलं गिऱ्हाईक स्वस्त डबा उचलून खूश होतं. १५ लिटरच्या डब्यात तेल असतं साधारण १३ किलो ६५० ग्रॅम. १५ किलोच्या डब्यातलं तेल मापाने भरलं तर साडेसोळा लिटरच्या आसपास जातं. यात दुकानदार फसवत नसतो, डब्यावर सगळं छापलेलं असतं. लिटर आणि किलो एकच, असं आपणच धरून चालतो.

फोडणीत हा घोळ चालून जातो. तेल थोडं कमीजास्त झालं तर भाजीला फरक पडत नाही. पण हल्ली घरोघरी साबण, लिप बाम, केसांचं तेल, दिवाळीच्या अभ्यंगासाठी सुगंधी तेल असं काय काय बनतं. बचत गटांनी तर त्याचा जोडधंदाच केला आहे. त्यांच्या हातातल्या कृती वाचल्या की गंमत वाटते. खोबरेल २०० मिली, मेण ३० ग्रॅम, एरंडेल दोन चमचे, टी ट्री ऑईल दहा थेंब. एकाच कृतीत चार पदार्थ आणि मोजण्याच्या चार तऱ्हा! यातून टक्केवारी काढायची तर आधी सगळं एका मापात आणावं लागतं, आणि ते माप वजनाचंच असावं लागतं. सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवसायात अमुक घटक एक टक्का म्हणजे शंभर ग्रॅम मालात एक ग्रॅम, असाच हिशोब धरतात.

मिली म्हणजेच ग्रॅम ही आपली सवय पाण्यामुळे लागली. फ्रान्समध्ये १७९५ साली मेट्रिक पद्धत ठरवताना ग्रॅमची व्याख्याच पाण्यावरून केली होती: एक घन सेंटिमीटर शुद्ध पाण्याचं वजन म्हणजे एक ग्रॅम. म्हणून पाण्याला मिली आणि ग्रॅम जुळतात. दूधही जवळपास जुळतं, एक लिटरला एक किलो तीस ग्रॅमच्या आसपास. तेल मात्र पाण्यावर तरंगतं, म्हणजे तेवढ्याच जागेत त्याचं वजन कमी भरतं. किती कमी, ते सांगणारा आकडा म्हणजे घनता. मिलीला घनतेने गुणलं की ग्रॅम मिळतात आणि ग्रॅमला घनतेने भागलं की मिली. गणित एवढंच आहे. खरी मेहनत योग्य घनता शोधण्यात आणि ती कुठे महत्त्वाची हे ओळखण्यात असते.

खोबरेल, तीळ, बदाम, ऑलिव्ह, शेंगदाणा, मोहरी, सूर्यफूल ही सगळी तेलं ०.९१ ते ०.९२ या अरुंद पट्ट्यात बसतात. त्यामुळे खाण्याच्या कुठल्याही तेलाला ०.९२ ने गुणा, फारसं चुकणार नाही. शंभर मिली म्हणजे ९२ ग्रॅम, अर्धा लिटर म्हणजे ४६० ग्रॅम. वेगळी आहेत ती दोन-तीन. एरंडेल ०.९६ पर्यंत जातं. जोजोबा ०.८७ च्या आसपास राहतं, कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते तेल नाहीच, पातळ मेण आहे. आणि बाजारातल्या कित्येक 'बदाम' किंवा 'आवळा' केशतेलांत पहिला घटक असतो लाइट लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑईल. हे खनिज तेल ०.८५ च्या आगेमागे असतं. अशा बाटलीला ०.९२ लावून उपयोग नाही. आधी तिच्या पाठीवरची घटकांची बारीक अक्षरातली यादी वाचावी, मग गुणाकार करावा. ग्लिसरीन तेलकट वाटतं, पण ते तेलांच्या कुळातलं नाही. ते १.२६ आहे, पाण्यात टाकलं की थेट तळाशी जातं आणि मग विरघळतं.

एरंडेल जड का? वनस्पती तेलांचे रेणू लांबलचक कर्ब-साखळ्यांचे असतात आणि त्या साखळ्या एकमेकींना फारशा धरून ठेवत नाहीत. एरंडेलात मुख्यतः रिसिनोलेइक नावाचं आम्ल असतं आणि त्याच्या साखळीवर मध्येच एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लटकलेली असते. पाण्याच्या रेणूंना जवळ बांधणारं आकर्षण या जोडीमुळे एरंडेलाच्या रेणूंतही येतं. ते दाटीने बसतात आणि एकमेकांवरून सहजी घसरत नाहीत. म्हणून एरंडेल बोटावर ओघळता ओघळत नाही. पण इथे नजर फसते. एरंडेल खोबरेलापेक्षा दहा-बारा पट चिकट असलं तरी वजनात फक्त चार-पाच टक्क्यांनी जास्त आहे, आणि इतकं घट्ट असूनही पाण्यावरच तरंगतं. घट्टपणा आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेल हातावर घेऊन ते जड की हलकं ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता हे सगळं करायची गरज किती? माझं मत विचाराल तर केसांच्या तेलात अजिबात नाही. तीन भाग खोबरेल, एक भाग एरंडेल ही नेहमीची कृती घ्या. मापाने घेतलं तर ७५ मिली आणि २५ मिली. वजनात ते झालं ६९ ग्रॅम आणि २४ ग्रॅम, म्हणजे एरंडेल २५ टक्क्यांऐवजी २५.८ टक्के. डोक्याला हा पाऊण टक्का कळतसुद्धा नाही. मालिशच्या तेलालाही नाही. वाटीने मोजा, डोळ्यांनी मोजा, काही बिघडत नाही. आयुर्वेदात तेल सिद्ध करायचं प्रमाण कल्क (वाटलेल्या औषधीचा गोळा) एक भाग, तेल चार भाग आणि द्रव सोळा भाग असं सांगितलं आहे. वैद्यांच्या शास्त्रात पातळ पदार्थ मोजताना ते दुप्पट धरण्याचा स्वतंत्र नियमही आहे. म्हणजे पातळ पदार्थाचं माप आणि सुक्याचं माप एका काट्याने तोलता येत नाही, ही जाण आपल्याकडे जुनीच.

साबणाचं तसं नाही. साबण ही तेल आणि कॉस्टिक सोडा यांची रासायनिक क्रिया आहे, आणि एवढ्या तेलाला एवढाच सोडा हे प्रमाण निसर्गाने ठरवून दिलेलं आहे. एक ग्रॅम खोबरेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. ऑलिव्ह तेलाला ०.१३५, एरंडेलाला ०.१२८. हे आकडे ग्रॅमचे आहेत, मिलीचे नाहीत. कृतीत लिहिलेलं असतं खोबरेल ५०० ग्रॅम आणि ऑलिव्ह ५०० ग्रॅम. दोन्हींना लागणारा सोडा १५९ ग्रॅम. थोडं तेल मुद्दाम शिल्लक राहावं म्हणून जाणकार पाच टक्के सोडा कमी घेतात, म्हणजे १५१ ग्रॅम. त्या शिल्लक तेलामुळे साबण मऊसूत राहतो आणि चुकीला थोडी जागा राहते. आता काटा हाताशी नाही म्हणून दोन्ही तेलं मापाने ५००-५०० मिली घेतली, तर प्रत्यक्षात भांड्यात पडली ४६० आणि ४५८ ग्रॅम. या तेलाला लागणारा सोडा जेमतेम १४६ ग्रॅम. घातला १५१. ती पाच टक्क्यांची राखीव सूट संपली, वर पाच ग्रॅम सोडा रिकामा उरला. उरलेला सोडा साबणाच्या वडीत बसून राहतो आणि अंगाला लागला की चरचरतो. कातडी कोरडी पडते, लहान मुलांच्या अंगावर तर चट्टे उठतात.

उलट चूक झाली, कृती मिलीत होती आणि तुम्ही तेवढे ग्रॅम तोलले, तर तेल जास्त पडतं. साबण मऊ होतो, फेस कमी देतो, काही महिन्यांनी त्याला खवट वास येतो. नुकसान होतं, पण भाजत कोणी नाही. तरी कृतीतलं एकक कळत नसेल तर ते ग्रॅम समजून जास्त तेल घालण्यापेक्षा ती कृतीच बाजूला ठेवणं शहाणपणाचं. ज्याने एकक लिहिलं नाही त्याने बाकीचंही काळजीपूर्वक लिहिलं असेल याची खात्री नसते.

सोड्याबद्दल दोन शब्द. तेल कितीही अचूक तोललं आणि सोडा चमच्याने घातला तर सगळं व्यर्थ. पापुद्र्यांचा सोडा आणि गोळ्यांचा सोडा एकाच चमच्यात वेगवेगळ्या वजनाने बसतो. पाकीट उघडं राहिलं तर तो हवेतलं पाणी ओढून घेतो आणि वजन फुगतं. पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, आणि ॲल्युमिनिअमचं भांडं जवळपासही आणायचं नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात तेलाचा साबणीकरण अंक कॉस्टिक पोटॅशच्या हिशोबात (एक ग्रॅम तेलाला किती मिलिग्रॅम) दिलेला असतो, खोबरेलाला २५० च्या वर. तो हजाराने भागून पुन्हा १.४ ने भागला की एका ग्रॅमला लागणारा कॉस्टिक सोडा मिळतो. हा दुसरा भागाकार विसरला की साबण नक्की जाळणार.

सुगंधी तेलांकडे वळू. लव्हेंडर, टी ट्री, निलगिरी ही तेलं प्रमाणात, एक-दोन टक्के एवढीच घालायची असतात. इथे मिली-ग्रॅमचा फरक आहेच आणि तो दोन्ही दिशांनी आहे. संत्र्याच्या सालीचं तेल ०.८५ च्या जवळ, टी ट्री ०.९० च्या आत, लव्हेंडर ०.८८. लवंग तेल मात्र १.०५, पाण्यात बुडणारं. विंटरग्रीन १.१८. दोन ग्रॅम तेल मोजायचं तर संत्र्याचं २.४ मिली लागतं आणि लवंगेचं १.९ मिली. पण खरा गोंधळ घनतेचा नाही, थेंबांचा आहे.

वीस थेंब म्हणजे एक मिली हे समीकरण औषधाच्या ड्रॉपरने पाण्यासाठी ठरवलेलं आहे. थेंब केवढा पडतो हे नळीच्या तोंडाच्या घेरावर आणि द्रवाच्या पृष्ठताणावर अवलंबून असतं. तेलाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे त्याच ड्रॉपरमधून तेलाचा थेंब लहान पडतो. एक मिलीला तीस-पस्तीस थेंबही होतात. बाटलीच्या तोंडावरची प्लॅस्टिकची ठिपकणी जाडजूड असेल तर पुन्हा वेगळा आकडा. बाटली तिरपी धरली की उभी, तेल गार आहे की कोमट, यानेही फरक पडतो. घनतेमुळे दहा टक्के चूक होत असेल तर थेंब मोजण्यामुळे पन्नास टक्के होते. लवंग तेलासारख्या झोंबणाऱ्या पदार्थात ही चूक गालावर उमटते.

काटा घेऊन प्रश्न सुटतो का? स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमचा असतो. दोन ग्रॅम तेल त्याच्यावर तोललं तर प्रत्यक्षात ते दीड असू शकतं किंवा अडीच. म्हणजे पंचवीस टक्के चूक, तीही बॅटरीच्या झळझळीत आकड्यांत, त्यामुळे विश्वास बसतो. लहान मात्रेसाठी सोनाराचा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशात मावणारा काटा घ्यावा. तो नसेल तर मेडिकलच्या दुकानातली सुईविना सिरिंज घ्यावी, मिली मोजावेत आणि घनतेने गुणावं. मिलीचे ग्रॅम करण्याच्या या सगळ्या उठाठेवीचा खरा उपयोग इथेच आहे: मोठ्या प्रमाणात काटा चांगला, थोड्या प्रमाणात साध्या काट्यापेक्षा सिरिंज आणि गुणाकार चांगला. सिरिंज वापरून लगेच साबणाने धुवून टाका. सुगंधी तेलं तिच्या रबराला फुगवतात.

चमचे आणि कप यांच्याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. मोजणीचा चहाचा चमचा ५ मिली, मोठा १५ मिली, ऑस्ट्रेलियात मात्र मोठा चमचा २० मिली. अमेरिकी कप २३६ मिलीचा, आपल्याकडे मिळणारा २५० चा. घरातल्या स्टीलच्या चमच्यांना तर कुठलंच माप नसतं. परदेशी कृतीतल्या औंसाकडे मात्र नीट पाहावं. द्रव औंस हे माप आहे, अमेरिकेत २९.५७ मिलीचं, आणि ब्रिटिश द्रव औंस २८.४१ मिलीचा. नुसता औंस हे वजन आहे, २८.३५ ग्रॅम. साबणाच्या अमेरिकी पुस्तकांत तेलाचे औंस वजनाचे असतात, कपाच्या रेषेचे नव्हेत. जुन्या शेराचा घोळही याच जातीचा होता. धान्य मापायचा शेर वेगळा आणि ८० तोळ्यांचा वजनाचा शेर वेगळा. योगायोग असा की तो वजनाचा शेर ९३३ ग्रॅमचा होता, म्हणजे शेरभर तेल तोललं की लिटरभराहून थोडं जास्त भरायचं.

थंडीत खोबरेल गोठतं. पंचवीस अंशांच्या खाली ते बाटलीत दगड होऊन बसतं आणि चमच्याने खरवडून मापात भरलं की मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात. शिया बटर, कोको बटर, किसलेलं मधमाश्यांचं मेण यांचंही तेच. मेणाच्या गोळ्यांनी भरलेल्या वाटीत मोठा भाग हवेचा असतो. अशा वाटीने केलेला लिप बाम विदर्भाच्या उन्हाळ्यात डबीत वितळून बसतो, कारण त्यात मेणच कमी पडलेलं असतं. घट्ट किंवा अर्धवट गोठलेल्या पदार्थाला माप लावूच नये. काट्याला तो वितळलेला आहे की गोठलेला याने काही फरक पडत नाही.

पातळ तेलावर तापमानाचा परिणाम होतो, पण थोडा. अंशामागे साधारण ०.०७ टक्का तेल फुगतं. १० अंशांच्या पहाटेपासून ४५ अंशांच्या दुपारपर्यंत गेलं तरी अडीच टक्के. घरच्या कामात हा फरक सोडून द्यायला हरकत नाही. व्यापारात मात्र तो सोडत नाहीत. खाद्यतेलाच्या काही कंपन्या पिशवीवर एक लिटर लिहून शेजारी ६० अंश तापमान लिहीत होत्या. ६० अंशांना सोयाबीन तेलाचा लिटर सुमारे ८९३ ग्रॅम भरतो, २१ अंशांना ९१९. म्हणजे गरम लिटर विकला की प्रत्येक पिशवीत सव्वीस ग्रॅम वाचले. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं की तापमान न लिहिता लिटर लिहा आणि सोबत वजनही लिहा. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत दिली.

या आदेशाचा घरच्या साबणवाल्यांना आयता फायदा झाला. खाद्यतेलाच्या पिशवीवर किंवा बाटलीवर आता लिटर आणि ग्रॅम दोन्ही असतात. एक लिटर, ९१० ग्रॅम असं छापलेलं असेल तर ९१० ला हजाराने भागा, त्या तेलाची घनता हातात आली. केशतेलाच्या बाटलीवर सहसा फक्त मिली असतात, कारण पाकीटबंद मालाच्या नियमांप्रमाणे पातळ पदार्थ आकारमानात आणि घट्ट किंवा अर्धवट घट्ट पदार्थ वजनात लिहायचा असतो. म्हणून तेल मिलीत, क्रीम ग्रॅममध्ये. खोबरेल खाण्याचं की डोक्याचं, हा वाद कराच्या दरावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने शुद्ध खोबरेल लहान बाटलीत असलं म्हणून लगेच केशतेल ठरत नाही, असा निकाल दिला. तेव्हा खाद्यतेल म्हणून विकलेली खोबरेलाची बाटली उचला, आतलं तेल तेच आणि वर वजन छापलेलं.

घाण्यावरून सुटं तेल आणलं असेल तर छापील काहीच नसतं. मग घनता स्वतः काढावी, अर्ध्या तासाचं काम आहे. काचेची लहान, अरुंद तोंडाची, कोरडी बाटली घ्या. रिकामी तोला. काठोकाठ पाणी भरून तोला. पाणी ओतून बाटली पूर्ण वाळवा, मग तेल काठोकाठ भरून पुन्हा तोला. समजा रिकामी बाटली ४२ ग्रॅम, पाण्यासह १४७, तेलासह १३८.६. पाणी १०५ ग्रॅम, तेल ९६.६. तेलाच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागलं की ०.९२. यात बाटलीवरच्या रेषेवर विश्वास ठेवावा लागत नाही, ती किती मिलीची हे कळण्याचीही गरज नाही. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत सापेक्ष घनतेची बाटली वापरली असेल त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. एरंडेल असेल तर भरून पाच-दहा मिनिटं थांबा, त्यातले बुडबुडे वर यायला वेळ लागतो.

काही जण याच रीतीने भेसळ पकडू पाहतात. खोबरेलात खनिज तेल बरंच मिसळलं असेल तर आकडा खाली येतो, तेवढं कळेल. पण शेंगदाणा तेलात पामतेल आहे का हे घनतेवरून कळत नाही, दोन्ही ०.९१ च्याच घरात असतात. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

घरात वापरायला बनवता तोवर चूक स्वतःच्या अंगावर येते. विकायला बनवता तेव्हा ती दुसऱ्याच्या अंगावर जाते. सौंदर्यप्रसाधनं विक्रीसाठी बनवायची तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० खाली उत्पादनाचा परवाना लागतो, आणि महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. साबणही त्यात आला. आणि ज्या मैत्रिणीला, गटाला किंवा शिबिरात जमलेल्यांना तुम्ही कृती देता, त्यांना एवढी एक मदत करा: प्रत्येक घटकापुढे ग्रॅम लिहा, थेंब आणि वाट्या काढून टाका, आणि साबणाची कृती असेल तर सोडा किती टक्के कमी धरला आहे तेही लिहून ठेवा.